बेरियमची बाटली

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला सांगितलं असतं तर तिला त्यातलं रसायन कळलं नसतं, बाकी सगळं कळलं असतं — म्हणून तिलाही सांगितलं नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, तो एकदा समोर उभा राहून मला विचारत होता, तेव्हाही मी गप्प राहिले. गप्प तरी कुठं? खोटं बोलले. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बघू.

मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मुलं माझ्या पाठीमागं मला 'बेरियम मॅडम' म्हणतात. मला ते ठाऊक आहे. प्रयोगशाळेत ॲसिडमधून काढलेलं काहीही धुतलं, की शेवटच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकून मला दाखवायचे, असा माझा नियम आहे. पाण्यात सल्फ्युरिक ॲसिडचा अंश उरला असेल, तर दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. नसेल तर पाणी नितळ राहतं. नितळ दिसल्याशिवाय मी कुणाला पुढं जाऊ देत नाही. मुलांना वाटतं, मॅडम कडक आहेत. त्यांना काय सांगू, की हा कडकपणा कुठून आला?

आधी मातीचं सांगते.

आमचं गाव धावडा. आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. आता थोडी शेती आणि थोडी मेंढरं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आणि गेले ती सरांमुळं. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, पुढं माझे मार्गदर्शक. बी.एस्सी. झाल्यावर घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं, तेव्हा ते एसटीनं धावड्याला आले, ओट्यावर मांडी घालून बसले आणि आबांना म्हणाले, "दोन वर्षं पोरगी माझ्या हवाली करा." आबा माझे वडील. त्यांनी आयुष्यात कुणाच्या हवाली काही केलं नव्हतं. मला केलं. हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. सर पुढं ज्या गोष्टीवर हसले, त्या गोष्टीनंतरही नाही.

सरांना तेव्हा एका कामानं झपाटलं होतं. तळून उरलेल्या, खवट झालेल्या तेलातलं आम्ल आणि मिथेनॉल यांच्यापासून डिझेलसारखं इंधन होतं. पण त्यासाठी सल्फ्युरिक ॲसिड घालावं लागतं, आणि ते एकदा तेलात मिसळलं की परत काढणं अवघड. सर म्हणायचे, ॲसिड घनच असलं तर? वाळूसारखं घालायचं, काम झालं की गाळून घ्यायचं, पुन्हा वापरायचं. त्यासाठी चिकणमाती साखरेच्या पाण्यात कालवायची, वाळवायची, झाकणबंद मुशीत भट्टीत भाजायची. साखर जळते आणि मातीच्या कणाकणावर कोळशाचा पापुद्रा धरतो. मग ती काळी भुकटी ॲसिडमध्ये तापवायची, म्हणजे ॲसिडचा काही भाग त्या कोळशाला पक्का जोडला जातो. आणि काही भाग नुसताच चिकटून राहतो. हा नुसता चिकटलेला भाग गरम पाण्यानं धुऊन काढायचा — सगळा. त्याच्यासाठीच बेरियम. सगळं काम या धुण्यावर असतं.

साखर आणली संतोषनं. तो एम.एस्सी.ला माझ्याच वर्गातला, अंकुशनगरचा. त्याचे वडील तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. बोलायला फाकडू, हाताला चपळ, वर्गात पहिला. आमच्या प्रत्येक वेळच्या मालाला 'घाणा' म्हणायची पद्धत त्यानंच पाडली. आणि माती आणली मी. विकतची माती यायला उशीर होत होता, तेव्हा मी म्हणाले, आमच्या ओढ्याच्या काठाला एक माती आहे, बायका डोक्याला लावतात, घोंगड्यांना लावतात, पाण्यात टाकली की फुगते. सर म्हणाले, आण. एसटीत पायाखाली पोतं धरून मी ती आणली. कंडक्टर म्हणाला, "पोरी, गावात माती संपली का?"

ती माती लागली. विकतच्यापेक्षा बरी लागली.

मग कामाची वाटणी झाली. कुणी ठरवून केली नाही, आपोआप झाली. भट्टी संतोषकडं, ॲसिड संतोषकडं, थेंबाथेंबानं आम्ल मोजायची ब्युरेट संतोषकडं. धुणं माझ्याकडं. काचेची भांडीसुद्धा माझ्याकडं. मी तक्रार केली का? नाही. मला धुणं आवडायचं, हे खोटं नाही. कातरणीच्या आधी आबा मेंढरं डोहात धुवायचे, तेव्हा मी लहानपणापासून त्यांच्यासोबत पाण्यात उभी राहायची. लोकरीतून पिळलेलं पाणी ओंजळीत घेऊन ते बघायचे. "अजून गढूळ हाय. अजून एक बुडी." लोकर घेणारा काही एवढं तपासत नव्हता. तरी आबांचं एक मेंढरू गढूळ पाण्यावर काठावर आलं नाही.

हे मी संतोषला सांगितलं होतं. मीच. गरम पाणी ओतता ओतता, मैत्रीत.

विभागात एक परिसंवाद झाला. बाहेरचे प्राध्यापक आले होते, मुलांनी खुर्च्या भरल्या होत्या. संतोषनं आमचं काम मांडलं. 'माझं काम' म्हणाला. पडद्यावर ओढ्याच्या मातीचा फोटो होता — मी काढलेला — आणि खाली 'स्थानिक माती'. शेवटी आभार: सर, त्याचे वडील, कारखाना. एवढंच. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मग कुणीतरी विचारलं, एवढं धुणं कसं करता, किती वेळ जातो? आणि संतोष हसून म्हणाला, "धुवायला आमची रेणुका हाय ना सर. घरी मेंढरं धुवायची सवय हाय तिला. बिलकुल खळबळून काढती."

सगळे हसले. सर हसले.

मीही हसले. हे सांगायला मला आजही सगळ्यात जास्त जड जातं — मान खाली घालून, ओढणीत तोंड धरून, मीही हसले.

सरांवर रागवायची माझी ऐपत नव्हती. ज्यांनी ओट्यावर बसून माझं आयुष्य मागून आणलं, त्यांच्यावर कसं रागावणार? मग सगळा राग एकाच माणसावर गेला. तुम्ही म्हणाल, एवढंसं वाक्य. पण त्यानं मला काही म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्यानं डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या आबांना भर सभेत आणलं आणि त्यांच्यावर हशा काढला. त्या संध्याकाळी मी ठरवलं, की याचं वाटोळं करायचं. शब्द हाच होता. मी तो मनात चांगला घोळवला.

संधी लांब नव्हती. सरांना नवा प्रकल्प मिळायचा होता आणि त्यात संशोधक म्हणून एकच जागा होती. त्या जागेवर पुढची पीएच.डी., पुढची नोकरी, सगळं. ती संतोषची धरल्यातच जमा होती. प्रकल्प द्यायचा की नाही हे ठरवायला एक समिती येणार होती आणि त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा होता. त्यासाठी नवा, मोठा घाणा काढायचं ठरलं.

संतोषनं माती कालवली, भाजली, ॲसिडमध्ये तापवली आणि काळा लगदा माझ्यापुढं ठेवून गेला. उन्हाळ्याचे दिवस. कॉलेजात टँकर येत होता आणि शुद्ध पाणी काढायचं यंत्र बंद होतं. पाणी कमी पडलं, असं मी म्हणू शकले असते. पण पाणी होतं. दोन कॅन भरून ठेवलेले होते, मीच ठेवले होते.

धुवायला लागले. पहिल्या पाण्यात बेरियम टाकलं, घट्ट पांढरं आलं. ते यायचंच. पुढच्यातही आलं. त्याच्या पुढच्यातही. अजून अर्धं धुणंही झालं नव्हतं. मी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली. आतलं पाणी ताकासारखं दिसत होतं. तेवढ्यात दारातून संतोषनं डोकं घातलं.

"झालं का गं? बेरियम येतंय का अजून?"

"न्हाई," मी म्हणाले. "साफ हाय."

नळी माझ्या मुठीत होती. तो दोन पावलं पुढं आला असता तर त्याला दिसलं असतं. पण माझ्या धुण्यावर त्यानं कधी शंका घेतली नव्हती. माझ्यावर हसायचा तो, पण विश्वासही माझ्यावरच टाकायचा. मी तेच हेरून होते.

ती भुकटी मी वाळवली. नीट धुतलेली भुकटी काचेवर वाळूसारखी सुटी पळते. ही गोळे धरत होती, बोटाला चिकटत होती. मी ते गोळे खलात मोडले, बाटलीत भरले, वर त्याच्या नावाची चिठ्ठी लावली. हे एका झटक्यात, रागाच्या भरात झालं असं कुणी समजू नका. गोळे मोडायला वेळ लागतो.

माझा हिशोब काय होता, तेही सांगते. नुसतं चिकटलेलं ॲसिड पहिल्या वेळी तेलात उतरतं आणि जोरात काम करतं. पहिला आकडा — किती आम्लाचं इंधन झालं तो — त्यामुळं कधी नव्हे इतका चांगला येणार होता. पण त्याच मोकळ्या ॲसिडनं तेलाचा डांबरासारखा चिकट थर भुकटीवर धरणार, पक्कं जोडलेलं ॲसिड त्याखाली बुजणार, आणि गाळून पुन्हा वापरली की ती जवळजवळ काहीच काम करणार नाही. संतोष घाईचा होता. आधीचे घाणे पुन्हापुन्हा वापरून झाले होते, तेव्हा हाही चालेल असं तो धरून चालणार, दुसऱ्यांदा लावून बघणार नाही, हे मला माहीत होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं — तोंडावर पडल्यावर त्याला माझं नाव घेता येणार नव्हतं. कसं घेणार? सगळं 'माझं काम' होतं ना? माझं नाव त्यानं कुठं ठेवलंच नव्हतं. ही गोष्ट सुचली तेव्हा मला इतकं छान वाटलं होतं, की त्या दिवशी मेसमध्ये मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

झालंही तसंच. पहिला आकडा बघून तो प्रयोगशाळेतून पळत सरांकडं गेला. येताना कागदात भजी घेऊन आला आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "रेणके, तुझ्या हाताला गुण हाय. तुझं नाव टाकायला सांगतो सरांना, थांब."

मी भजी खाल्ली. तेव्हा सांगता आलं असतं. घाणा पुन्हा धुवायला एक दिवस पुरला असता. समितीला अजून अवकाश होता. मी काय विचार केला माहीत आहे? मी विचार केला — आता टाकतोय नाव? आता? तो खरंच टाकणार होता का, त्यानं सरांना विचारलं का, हे मला कधी कळलं नाही. मी शोधलं नाही.

समितीत एक वयस्कर बाई होत्या, बारीक आवाजाच्या. सकाळचा प्रयोग त्यांनी स्टुलावर बसून पाहिला. तयार तेल पाण्यानं धुऊन घेतलं, त्यात ब्युरेटमधून अल्कलीचे थेंब पडायला लागले आणि लगेच गुलाबी रंग आला. म्हणजे तेलातलं आम्ल जवळजवळ सगळं इंधन होऊन गेलेलं. सरांचा चेहरा मला अजून आठवतो. बाई म्हणाल्या, "छान. आता हेच गाळून परत लावा."

जेवणानंतर दुसरा प्रयोग उतरवला. संतोष ब्युरेटपाशी उभा राहिला. थेंब पडत होते. रंग येईना. त्यानं फ्लास्क हलवला, पुन्हा थेंब. ब्युरेटमधली पातळी खाली खाली चालली, अर्ध्याखाली गेली, आणि फ्लास्क बिनरंगीच. त्यानं ब्युरेटची तोटी अजून सैल केली. मी दाराशी उभी राहून त्याचा तो हात बघत होते. मला काय वाटत होतं? मला मजा येत होती. दुसरा शब्द शोधून बघितला, नाही सापडला.

बाईंनी बाटलीतली कोरी भुकटी चिमूटभर पाण्यात हलवली, निवळू दिली आणि निळा लिटमस बुडवला. लालभडक. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे धुतलेलंच नाही. काम मातीनं केलं नाही, मोकळ्या ॲसिडनं केलं. हे कुणी धुतलं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. संतोषनं बघितलं. एवढंच, एक क्षण. मग बाईंकडं वळून म्हणाला, "मीच धुतलं मॅडम."

त्याला दुसरं काही म्हणताच येणार नव्हतं, हा माझाच हिशोब होता. तरी ते वाक्य माझ्या हिशोबात बसलं नाही. 'मीच' म्हणताना तो स्वतःची फुशारकी सांभाळत होता, की मला? इतकी वर्षं झाली, दोन्ही बाजूंनी वाक्य फिरवून बघते.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "बेरियम टाकून पाह्यलं व्हतंस ना?" मी म्हणाले, "पाह्यलं व्हतं. न्हाई आलं." तो मान हलवून गेला.

समितीनं काम नव्यानं करून दाखवायला मुदत दिली. सर संतोषशी बोलायचेच बंद झाले. त्याचं काम आता माझ्याकडं आलं. त्यानं चार दिवस वाट बघितली, मग अंकुशनगरला गेला तो परीक्षेपुरताच परत आला. पुढं शिकला नाही. मी दोन्ही कॅनचं पाणी संपवून धुतलं, नितळ येईपर्यंत. माझा घाणा पुन्हापुन्हा वापरला तरी टिकला. प्रकल्प मिळाला, जागा मला मिळाली, पीएच.डी. मला मिळाली. प्रबंधात आभार मानताना मी संतोषचं नाव लिहिलं — शेवटून दुसरं. लोकांना तो मोठेपणा वाटला. तोही सूडच होता.

मागच्या दिवाळीत आम्ही बीडकडं निघालो होतो. शहागडला चहाला थांबलो आणि गाडी सुरू होईना. नवरा चौकशी करत रस्त्यापलीकडच्या बॅटरीच्या दुकानात गेला आणि ज्या माणसाला घेऊन आला, तो संतोष होता. पोट सुटलेलं, हातावर ॲसिडचे डाग, शर्टाला बारीक बारीक भोकं. ट्रकच्या बॅटऱ्या भरतो. मला बघून मनापासून हसला. बॉनेट उघडता उघडता माझ्या नवऱ्याला म्हणाला, "साहेब, मॅडमला म्या लई छळलं बरं का कॉलेजात. एकदा तर भर सभेत मेंढरांवरून बोल्लो. लई दिवस मनात ठसठसत व्हतं. मॅडम, माफ करा."

इतकं सोपं. नवऱ्यासमोर, रस्त्याच्या कडेला, बॅटरीत शुद्ध पाणी ओतत ओतत त्यानं सांगून टाकलं. मी जो राग इतकी वर्षं जपून ठेवला होता, तो त्यानं माझ्या हातातून काढून घेतला, आणि मला त्याचाही राग आला. आता मी काय जवळ ठेवू?

मी म्हणाले, "जाऊ दे रे. जुनं झालं."

तो म्हणाला, "अन् आपला तो घाणा. म्या लई इचार केला त्याचा. तू न धुता देशील, असं व्हनारच न्हाई. ती बेरियमची बाटलीच खराब झाल्ती. बराबर ना?"

नवरा माझ्याकडं बघत होता. संतोष पाण्याची बाटली तिरकी धरून थांबला होता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"बराबर," मी म्हणाले. "तशीच असंल."

"मंग?" तो नवऱ्याकडं वळून हसला. "म्या घरी सगळ्यांला तेच सांगतो." त्यानं झाकण फिरवलं, दुकानातली भरलेली बॅटरी जोडून गाडी सुरू करून दिली. त्यानं पैसे घेतले नाहीत.

पुढच्या रस्त्यात मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली, तळाशी, अजून थोडा आनंद होता, की याला कळलेलं नाही. तो आनंद आजही आहे. लिहितानाही चाचपून पाहिला. आहे.

बाटली खराब नव्हती. संतोष अंकुशनगरला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच उघडली, माझ्या नव्या घाण्याच्या धुण्याच्या पहिल्या पाण्यात दोन थेंब टाकले, आणि पाणी लगेच पांढरं झालं.